देवासला ठेवलेलं पागोटं

आवाजाचं आधी सांगतो, पुढचं सगळं त्यावरच आहे. मी धारच्या पागेत घोड्यांवर होतो. सकाळी जनावरं तलावावर सोडली की मी पागेच्या दारातून हाळी द्यायचो आणि पलीकडच्या काठावरची घोडी मान वर करायची. माझी शाळा दुसऱ्या यत्तेत संपली. पण शाळेच्या संघाचा आट्यापाट्यांचा सामना आहे आणि मी मैदानाच्या कडेला नाही, असं कधी झालं नाही. ओरडायला यत्ता लागत नाही.

आट्यापाट्या ज्यांनी पाहिल्या नसतील त्यांच्यासाठी एवढंच. मैदानात आडव्या नऊ पाट्या खणायच्या, पाऊल मावेल एवढ्या रुंद, आणि त्या सगळ्यांना मधोमध कापणारी एक उभी. एका बाजूचे गडी पाट्यांत उभे राहतात. पाटीतून पाय काढायचा नाही. दुसऱ्या बाजूचे गडी त्यांना हुलकावण्या देत पहिल्या पाटीवरून आत शिरतात, नवव्या पाटीच्या बाहेर जातात आणि त्याच वाटेनं परत येतात. एक जण असा सुखरूप परत आला की एक लोण. हात लागला तो मेला.

आमचे नेहमी परत येतानाच मरायचे. देवासला दरसाल रंगपंचमीला सामना व्हायचा आणि दरसाल आम्ही हरून यायचो. देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. एरवी यांचं त्यांना चालत नाही, पण धारचा संघ आला की सगळे सख्खे भाऊ. मैदानाच्या कडेला, टेकडीच्या पायथ्याशी, एका हलवायाचं दुकान होतं. हा हलवाई देवासचा सगळ्यात मोठा शौकीन. ज्या वर्षी आमचा पार चुराडा झाला, त्या वर्षी त्यानं कढईत झारा ठोकत मला सगळ्यांसमोर विचारलं,

"गलो तो घणो है भिया, पण खेलवावाला कां है?"

गळा दांडगा, पण खेळणारे कुठायत, हे ऐकून सगळे हसले. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी डोक्यावरचं पागोटं उतरवलं आणि त्याच्या पाटावर आपटलं. म्हणालो, "धार देवासला भारी पडेल तेव्हा हे न्यायला येईन. तोवर डोक्यावर कापड घालणार नाही!"

त्यानं हात पुसले, पागोटं झटकलं आणि कढईच्या वरच्या खुंटीला अडकवलं. म्हणाला, "रेण दो. दुकान में सजेगी."

पागोटं महेश्वरचं होतं. पागेत लागलो त्या दिवशी वडिलांनी आपल्या हातानं बांधलेलं. मी बोडका घरी आलो तर आईनं कपाळावर हात मारला. "बाप धडधडीत जिवंत असताना बोडका हिंडतोस? कुणाचं सुतक पाळतोयस रे मेल्या?" वडील महिनाभर बोलले नाहीत. आणि दसऱ्याला तर कहरच झाला. स्वारीत ज्या घोड्याचा लगाम माझ्या हातात असायचा, तो घोडा पागेच्या दारोगानं दुसऱ्याच्या हाती दिला. "बोडक्या माणसाला स्वारीत जागा नाही," म्हणाला. माझा घोडा माझ्यासमोरून गेला, आणि जाताना त्यानं माझ्याकडे मान वळवली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितोय.

दिवाळीनंतर बातमी आली की शाळेला कसरतीचे नवे मास्तर मिळाले, दक्षिणेतून येतायत, आणि आट्यापाट्यांचा संघ तेच बांधणार. मग काय विचारता! चौकात दुसरा विषय नाही. कुणी म्हणे, त्यांचा संघ कधी हरलेलाच नाही. कुणी म्हणे, ते गड्याच्या पिंढऱ्या बघूनच सांगतात, हा कुठल्या पाटीवर शोभेल. कुणी म्हणे, सहा फुटी पैलवान आहेत. यातलं निम्मं मीच पसरवलं होतं. पण चार तोंडं फिरून परत आलं तेव्हा मलाही खरं वाटायला लागलं.

त्यांच्या स्वागताला आम्ही पन्नासेक जण महूच्या नाक्यावर दोन ढोल घेऊन उभे. टांगा आला. आतून उतरले एक किडकिडीत गृहस्थ, काखेत छत्री, हातात वळकटी. ढोलांकडे बघून त्यांनी टांगेवाल्याला विचारलं, "लग्नाची वरात आहे का? आपण थांबू हवं तर."

मी पुढे झालो. "मास्तर, ही वरात तुमचीच. आता एकच सांगा, यंदा देवासला हरवणार ना?"

त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वडील गेले का हो तुमचे?"

"वडील ठणठणीत आहेत. पागोटं देवासला आहे." मग मी सगळी हकीकत सांगितली. ते हसले नाहीत. छत्री टेकून नीट ऐकून घेतली. मग म्हणाले, "यंदा हरणार नाही, एवढं बघतो. जिंकण्याचं पुढल्या वर्षी बोलू."

ढोल थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "एवढ्यासाठी दक्षिणेतून माणूस आणला? न हरायला घरात बसलं तरी चालतं!"

माझं तोंड तर कडू झालं. न हरण्यावर पागोटं कसं मिळणार? माझा शब्द भारी पडण्याचा होता.

पुढचे पंधरा दिवस मास्तरांनी पोरांना पळूच दिलं नाही. पाटीत उभं राहायचं, वाकायचं, वळायचं, पुन्हा उभं राहायचं. आम्ही कडेला बसून जांभया देत होतो. मग एका संध्याकाळी त्यांनी डाव लावला. संघाचे दोन भाग केले आणि आम्हांला म्हणाले, "आज पोटभर ओरडा."

हे काय सांगावं लागतं? पण मास्तर स्वतः कुठे बसले, तर मैदानाकडे पाठ करून, कडुलिंबाखाली, तोंड झाडाच्या खोडाकडे. आम्हांला वाटलं, माणूस रुसला.

डाव सुरू झाला. मी नेहमीसारखा सुटलो. "शाब्बास रे लंबू! मार मुसंडी! अरे गेला, गेला, गेला!"

मास्तर खोडाकडे बघत म्हणाले, "आपला उंच पोरगा. तिसरी पाटी ओलांडली."

बरोबर होतं.

"आता नवव्याच्या बाहेर आहे. दम खातोय."

बरोबर.

मी ओरडलो, "आला रे आला!"

"परत फिरला. सातव्या पाटीवरच्याच्या पाठीशी आहे. आता तो वळेल आणि हा मरेल."

सातव्या पाटीवरचा गर्रकन वळला आणि त्यानं उंच पोराला थापटी मारली. आमची सगळ्यांची तोंडं उघडी ती उघडीच. मास्तर उठून धोतर झटकत माझ्याकडे आले.

"पागेवाले, माझ्या पाठीला डोळे नाहीत. देवासच्या गड्यांच्याही नाहीत. गडी परत फिरला की तो त्यांच्या पाठीमागून येतो, त्यांना दिसत नाही. मग दरसाल ते नेमके वेळेवर वळतात कसे? तुम्ही पाटीगणिक एक 'गेला' म्हणता, परत फिरला की पाटीगणिक एक 'आला'. मी इथं ऐकलं ते तेही ऐकतात."

"म्हणजे मी हरवतो?"

"तुम्ही एकटे नाही. पण तुमचा आवाज मोठा."

खोटं कशाला बोलू, त्या क्षणी त्यांची छत्री मोडून हातात द्यावी असं वाटलं. ज्या गळ्यावर मी मिरवायचो, त्याच गळ्यावर ह्यांनी बोट ठेवलं, तेही पन्नास माणसांत. मी म्हणालो, "तोंड माझं आहे. ओरडीन नाहीतर गाईन." आणि निघून आलो.

तीन दिवस मैदानाकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी घोडा रपेटीला नेला तर तोच मला मैदानावर घेऊन गेला. निदान मी तरी दारोगाला तसंच सांगितलं. मास्तरांनी एवढंच म्हटलं, "आलात? बसा. पाणी घ्या."

पाणी म्हणजे काय ते ऐका. आपला डाव, म्हणजे आपल्या गड्यांची शिरायची पाळी, चालू असली की सगळ्या शौकिनांनी तोंडात पाण्याची चूळ धरायची. गिळायची नाही, थुंकायची नाही. त्यांचा डाव असला तर मोकळं तोंड, हवं ते बोला. लोटा रांगेतून फिरायचा. पहिल्या दिवशी पन्नास जणांचे फुगलेले गाल बघून एकाला हसू फुटलं, त्याचं पाणी दुसऱ्याच्या अंगावर, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या. मैदानात पोरं खेळायची थांबली आणि लोळून हसायला लागली. मास्तर एवढंच म्हणाले, "पुन्हा भरा." असं करत माघ संपेपर्यंत आम्ही अख्खा डाव चूळ धरून बसायला शिकलो. गावात आमची टर उडायची. मास्तर संघ शिकवायला आलेत का प्रेक्षक, म्हणायचे. पण पोरं परत यायला लागली होती! आठवड्याला एखादं लोण व्हायचं, तिथं रोज दोन दोन व्हायला लागली. ते बघून माझ्या छातीत असं काही व्हायचं की चूळ धरणं अवघड.

रंगपंचमीला बैलगाड्या जुंपून, इंदुरावरून, दोन दिवसांच्या वाटेनं आम्ही देवासला पोचलो. माझं पागोटं कढईच्या वर तसंच टांगलेलं. तुपाच्या धुरानं पिवळं पडलेलं. हलवाई म्हणाला, "आवो भिया! दर्शन कर लो, फेर एक साल की छुट्टी."

घड्याळाचा भरवसा कुणालाच नव्हता, म्हणून वेळ मोजायला देवळातली भोकाची वाटी घंगाळात सोडायची पद्धत होती. वाटी बुडाली की डाव संपला. आधी त्यांचा डाव. त्यांनी तीन लोण केली. बाकी वर्षी सहा-सात व्हायची. ह्या खेपेला त्यांचे लोक "आयो, आयो" म्हणून बोंबलले की आमची पोरं अचूक वळायची. हलवायाला ते कळलं नाही. मला कळलं, इतकी वर्षं मी आमच्या पोरांना असाच मारत आलो होतो.

मग आमचा डाव. लोटा फिरला. पन्नास चुळा भरल्या. पहिलं लोण झालं, आम्ही गप्प. दुसरं झालं, आम्ही गप्प. देवासची माणसं मैदान सोडून आमच्याकडेच बघायला लागली. बोटं दाखवून हसायला लागली. "धारवाला का दांत दुखे है कईं?" हलवाई तर दुकानातून उठून माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मैदानाकडे पाठ करून, कमरेवर हात ठेवून.

"क्यों भिया, गलो कां गयो? बेच्यो कईं? कितरा में?"

गळा विकलास का, म्हणे, नि कितीला! आयुष्यात मी कुणाचं उत्तर उधार ठेवलं नाही. त्या दिवशी मात्र तोंडात पाणी. डोळ्यांतही यायला लागलं होतं. आणि तेवढ्यात त्याच्या खांद्यावरून मला दिसलं, आमचा उंच पोरगा नवव्या पाटीबाहेरून परत फिरला होता. घंगाळातली वाटी काठोकाठ भरत आलेली. पोरानं आठवी ओलांडली. सातवी. हलवाई माझ्या डोळ्यांत बघत होता. मी नुसतं चमकून बघितलं असतं तरी तो मागे वळला असता आणि त्यानं बोंब ठोकली असती. मी नजर त्याच्या मिशीवर लावली. डोळ्याच्या कोपऱ्यातून पोरगा, सरपटल्यासारखा, पाचवी, चौथी. पाट्यांवरचे गडी पुढून आत शिरणाऱ्यांकडेच बघत उभे. तिसरी. माझे गाल थरथरायला लागले. "बोल नी, बोल!" हलवाई म्हणत होता. दुसरी. पहिलीवरचा वळला, हात टाकला, आणि पोरानं त्या हाताखालून धुळीत उडी घेतली. बाहेर! आणि वाटी बुडाली.

तीनाला तीन.

मास्तरांनी छत्री वर केली. ती आमची मोकळं व्हायची खूण होती. माझी अख्खी चूळ हलवायाच्या तोंडावर गेली, आणि तिच्या मागून माझा आवाज. टेकडीवरच्या माकडांनी म्हणे झाडं बदलली.

हलवायानं उपरण्यानं तोंड पुसलं, मागे वळला, काय झालं ते विचारून घेतलं आणि खो खो हसत सुटला. आत जाऊन पागोटं काढलं, मधोमध दातानं चिरलं आणि टर्रकन फाडलं. "बराबरी हुई नी भिया? तो आधी थारी, आधी म्हारी. लई जा."

लोक टाळ्या पिटायला लागले. माझं डोकं पुन्हा तापलं. "अर्धं? मी भीक मागायला नाही आलो. पुढल्या वर्षी अख्खं नेईन!"

मास्तर जवळ आले. इतक्या हळू बोलले की मलाच ऐकू गेलं. "पागेवाले, नाक्यावर मी न हरण्याचं, म्हणजे अर्ध्याचंच बोललो होतो. गावात माझा शब्द कुणाला पटला नाही. तो पुरा झाला की नाही, ते आता तुमच्या डोक्यावरूनच कळणार आहे."

चार महिने पोरांबरोबर उन्हात उभं राहून माणूस काळा ठिक्कर पडला होता. मी अर्धं पागोटं उचललं आणि तिथंच बांधलं. दोन वेढ्यांत संपलं. तुपाचा वास येत होता.

घरी आईनं बघितलं, म्हणाली, "हे काय, बाळाचं टोपडं?" पण मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढली. वडिलांनी जवळ बोलावलं, मोकळं सुटलेलं टोक आपल्या हातानं आत खोचलं आणि म्हणाले, "दोन वेढेच आहेत, तर घट्ट तरी बांध."

दसऱ्याला मी पागेत जाऊन उभा राहिलो. दारोगानं वरून खाली पाहिलं. "हे पागोटं आहे का चिंधी?"

"पागोटंच आहे. उरलेलं देवासहून यायचंय."

तो मिशीत हसला आणि माझा घोडा माझ्या हाती दिला.

स्वारी चौकात आली तेव्हा दोन्ही बाजूंनी लोक ओरडायला लागले, "ए पागेवाले, उरलेलं कधी?" मी दम भरून घेतला आणि सांगितलं, "रंगपंचमीला!" घोडा दोन पायांवर उभा राहिला, दारोगानं शिवी हासडली. आणि गर्दीत, छत्री टेकून उभ्या असलेल्या मास्तरांनी माझ्याकडे बघून दोन्ही गाल फुगवले.