पानाला फुटलेली रोपं

माझे वडील आमगावला रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. तिथल्या साहेबाच्या बंगल्यातल्या माळ्याने त्यांना बिगोनियाची एक कुंडी दिली होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या श्रावणात मी तिचं एक पान कामठ्याला, सासरी नेलं. फक्त पान, देठासकट, ओल्या फडक्यात. वरून हिरवं-रुपेरी, खालून जांभळाचा रस सांडल्यासारखं.

आईने सांगितलं तसंच केलं. पान उलटं धरून जाड शिरांवर विळीच्या टोकाने चिरा दिल्या. पसरट खापरात तलावाची धुतलेली वाळू भरली, तिच्यावर पान टेकवलं, हलू नये म्हणून चार खडे ठेवले. खापर रांजणाजवळच्या सावलीत.

सासरे पिढीजात धानाचे शेतकरी. बी, पाणी आणि चिखल यांपलीकडे फार बोलत नसत. माझ्याशी तर नाहीच. सांगायचं ते सासूबाईंना सांगत. खापर पाहून त्यांनी विचारलं, "सून वाळूवर पान कायले ठेवून राहिली?" त्याचं झाड होते म्हणते, असं सासूबाईंनी सांगितलं. ते हसले नाहीत. बांधीकडे, धानाच्या खाचराकडे, निघून गेले.

तीन आठवडे काही झालं नाही. कडा काळ्या पडल्या, एक कोपरा कुजला. त्यापेक्षा वांगी लाव, भाजीला तरी होतील, असं सासूबाई म्हणाल्या. मी पाणी शिंपडत राहिले, पण कोणी पाहत नसताना.

भादव्यात एका सकाळी रांजण भरायला गेले, तर सासरे खापरापुढे उकिडवे बसलेले. मी पदर सावरून मागे सरले. त्यांनी मान न वळवता हाताने जवळ बोलावलं.

चिरा दिल्या होत्या तिथे मोहरीएवढी, लालसर, लव असलेली पानं उभी होती. न उलगडलेली, तान्ह्याच्या कानासारखी. सात होती. मोठं पान त्यांच्याखाली निम्मं कुजलेलं, आणि त्यातूनच ती वर आलेली. आईने सांगितलं होतं खरं, पण ऐकणं वेगळं.

"जन्मभर धान पेरला मी," सासरे म्हणाले, "बी टाकल्याबिगर कोंब नाही पाहिला. याचं बी कुठी होतं?"

माझ्याशी त्यांचं ते पहिलं बोलणं.

"पानातच असन," मी म्हणाले.

"कोणत्या जागी?"

आम्ही दोघं नुसते पाहत राहिलो. बांधीत गडी खोळंबले होते, तरी ते उठले नाहीत.

रोपं वेगळी करायची वेळ आली तेव्हा त्यांनी जंगलातून कुजलेल्या पाल्याची माती आणली. एकेक रोप मी काडीने उचललं. केसाएवढी पांढरी मुळं पाहून त्यांनी ते स्वतःच्या तळहातावर मागून घेतलं, आणि मातीत लावेपर्यंत हात हलवला नाही. मग गावातलं कोणी ना कोणी पाहायला येऊ लागलं. सासरे सांगत, एका पानाचे सात झाले. कोणाला खरं वाटे, कोणाला नाही.

वैशाखाच्या उन्हात पाच गेली. मी ओली पोती टांगली, दिवसातून तीनदा पाणी शिंपडलं, तरी गेली. मला रडू आलं. सासरे म्हणाले, "दोन राहिले ना. लय झाले."

पुढच्या हिवाळ्यात त्या दोन रोपांतल्या एकाला फूल आलं. फिकट गुलाबी, नखाएवढं. सासऱ्यांनी ते पाहिलं, आणि फुलापेक्षा जास्त वेळ पानाखालच्या शिरा पाहत बसले.