चहा येण्याआधी बुडालेला पक्ष

अन्याय झाला तो वेणूमाई देवतळे यांच्यावर. केव्हा, तेही सांगतो: गेल्या शुक्रवारी दुपारी, आपल्या गोरखपूर मोहल्ल्यात, त्यांच्याच ओसरीवर, चहा येण्याआधी. चहा माईच आणत होत्या. त्या आत आलं कुटत होत्या, तेवढ्यात बाहेर आमच्या पुढाऱ्यांनी हात वर केले आणि आमचा मर्यादा पक्ष एका मोठ्या पक्षात विलीन करून टाकला. मी छापखान्यातून पत्रकं घेऊन पोचलो आणि माई ट्रे घेऊन बाहेर आल्या, तेव्हा पक्षच उरला नव्हता. माई कार्यकारिणीच्या सदस्य आहेत, हे एकालाही आठवलं नाही!

आमचा पक्ष जुन्या वळणाचा. सणाला शिफ्ट नको, नदीघाटाच्या वाटेवर दारूचं दुकान नको, आणि बाईची जागा घरात. शेवटचं कलम माईंना पूर्ण मान्य. "घरातच करून राहिली ना मी सगळं," त्या म्हणत, "पण घर माझंच पाहिजे, असं कुठं लिहिलंय?"

नगरपालिकेची निवडणूक आली आणि तिकडे सीमेवर लढाई पेटली. तोफांच्या फॅक्टरीत डबल शिफ्ट लागल्या. प्रचाराला पुरुष उरला नाही. पुढारी म्हणाले, माघार घेऊ. माई म्हणाल्या, "काहून? महालक्ष्म्या आल्या ना!" हळदीकुंकवाला निघालेल्या बाईला कोण अडवणार? कुंकू लावायचं आणि ओटीत आमचं पत्रक घालायचं. पत्रक मी लिहिलं होतं, चांगलं जळजळीत. वाचून माई म्हणाल्या, "बाबू, एवढा राग ओटीत नाही घालत रे. सुपारीएवढा ठेव." मी अर्धं पत्रक कापलं. तेच लोकांनी वाचलं.

आमचं चिन्ह समई. एका संध्याकाळी माई पेटती समई घेऊन बायकांसह गल्लीतून निघाल्या आणि ब्लॅकआउटचा भोंगा वाजला. वॉर्डन धावत आला. "माताजी, बत्ती बुझाओ!"

"भैया, ये बत्ती नहीं, हमारा उम्मीदवार है!"

अख्खी गल्ली हसली, वॉर्डनही. पण दिवा फुंकायचा नाही, हे जुनं वळण. माईंनी वेणीतलं फूल काढून ज्योत मालवली आणि अंधारात चाचपडत वॉर्डनच्याही हातावर प्रसाद ठेवला.

उमेदवार पडला. माईंनी शिरा केला. मी तोंड पाडून बसलो, तर म्हणाल्या, "पोरगं नापास झालं तर त्याला उपाशी ठेवतात का? खा."

अशा बाईला शुक्रवारी कोणी विचारलं नाही. ट्रे हातात धरूनच त्या म्हणाल्या, "अच्छा, पक्ष नाही? मग पक्षाचा चहा तुम्ही कसा घेता जी?" आणि सरळ रस्त्यावर गेल्या. शिफ्ट सुटली होती, सायकली येत होत्या. "चलो भैया, गरम आहे!" कामगार चहा पीत होते, माई खळखळून हसत होत्या, आणि पुढारी ओसरीवर कोरडे बसले होते.

मग एकजण समईची पाटी उतरवायला उठला. माईंचं हसू तिथं थांबलं. "पाटी राहू दे. माझं मत अजून कोणी घेतलं नाही."

तेव्हा सभासदहो, येत्या रविवारी माईंच्या ओसरीवर या. बैठक पुन्हा भरवा. पक्ष ठेवायचा की बुडवायचा, ते आधी माईंना विचारा. त्या बोलत असतील तेव्हा त्यांना स्वयंपाकघरात पाठवू नका. चहा तुम्ही करा.