राजाभाऊंचं अडीच सेंटिमीटर

राजाभाऊ बार्बेक्यूच्या चिमट्याने मोजा घालत होते. गॅरेजच्या फरशीवर उताणे पडलेले, डावा पाय खुर्चीवर, चिमट्यात मोजा, आणि तो मोजा दर वेळी अंगठ्याला अडकून खाली पडत होता. चौथ्यांदा पडला तेव्हा त्यांची बायको, बेबीताई, दारात येऊन उभी राहिली. बोलली असती तर चिमटा भिंतीवर गेला असता. पाचव्यांदा मोजा चढला.

"झालं बघ, एवढंच तर होतं," राजाभाऊ म्हणाले. मग उठायला त्यांना सात मिनिटं लागली.

दहा वाजता हॉस्पिटलात सर्जनची अपॉइंटमेंट होती.

न्यूझीलंडमधल्या वेलिंग्टनच्या जॉन्सनव्हिलमध्ये राजाभाऊंना ओळखत नाही असा मराठी माणूस नाही. ट्रक दुरुस्त करतात. पिंपरीच्या कारखान्यात हात काळे करून शिकले, अठरा वर्षांपूर्वी इकडे आले आणि येताना एक नियम सोबत आणला. उघडल्याशिवाय दुरुस्ती नाही. वर्कशॉपमध्ये कुणी कॉम्प्युटर लावून फॉल्ट सांगितला की हे म्हणणार, त्याला काय कळतंय, झाकण काढ. गिअरबॉक्स पूर्ण खोलायचा, सगळे पार्ट जुन्या चादरीवर मांडायचे, एकेक हातात घेऊन बघायचा, आणि मग तोंड उघडायचं. हसायचे लोक त्यांना. हसू देत. राजाभाऊंनी खोलून परत बंद केलेलं इंजिन त्याच दुखण्यासाठी परत आलेलं कुणी दाखवावं.

तर या माणसाचा डावा पाय चार महिने दुखत होता. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत करंट लागल्यासारखा. बसलं की जास्त, शिंकलं की विचारूच नका.

हॉस्पिटलने फोन करून विचारलं होतं, मराठी दुभाषा हवाय का. राजाभाऊ नको म्हणाले. वेलिंग्टनमध्ये मराठी दुभाषा म्हणजे कोण येणार? रविवारी बुद्धवंदनेला शेजारी बसणाऱ्यांपैकीच कुणीतरी. संध्याकाळपर्यंत सगळ्या जॉन्सनव्हिलला यांच्या लघवीची खबर. म्हणून त्यांनी मुलीला, आरुषीला, शाळेतून सुट्टी घ्यायला लावली. आरुषी सोळा वर्षांची, जन्म इथलाच. मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्लिशच पडतं. म्हणजे सर्जनबाई भराभर इंग्लिशमध्ये सांगणार आणि आरुषी तेच जरा सावकाश इंग्लिशमध्ये सांगणार. एवढाच फरक.

बाईंनी आधी त्यांना टाचांवर चालायला लावलं. पन्नाशीच्या माणसाला खोलीभर टाचांवर. उजवा पंजा वर राहिला, डावा फटकन खाली आपटला. मग बाईंनी त्यांच्या डाव्या अंगठ्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, वर ढकला. राजाभाऊंनी सगळा जोर लावला, चेहरा लाल झाला, अंगठा तसाच. बधीर वाटतं का, त्यांनी विचारलं. वेलिंग्टनच्या हिवाळ्यात कुणाचे पाय बधीर नसतात, असं राजाभाऊ म्हणाले. बाई हसल्या नाहीत. लघवी, संडास नीट होते का, तेही विचारलं. आरुषी खिडकीबाहेर बघायला लागली.

मग स्क्रीनवर फोटो आला. मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात, त्यातली एक फाटलीय, आतला गर बाहेर आलाय आणि पायाकडे जाणाऱ्या नसेवर बसलाय. आरुषीला नस हा शब्द आठवेना.

"द वायर, बाबा. इट्स पिंचिंग द वायर."

हे मात्र राजाभाऊंना लगेच कळलं. वायर वर दाबली गेली की दिवा खाली मिणमिणतो. पुढचं सगळं डोक्यावरून गेलं. बाई म्हणाल्या, कंबरेत अडीच सेंटिमीटरचं भोक करणार, त्यातून पेनाएवढी नळी घालणार, स्नायू कापायचे नाहीत, नुसते बाजूला सारायचे, आणि मायक्रोस्कोपमधून बघत तो बाहेर आलेला तुकडा तेवढा काढणार. नवीन काही बसवणार नाही. बहुतेक दुसऱ्या दिवशी घरी.

राजाभाऊंनी विचारलं, म्हणजे कंबर बरी होणार? बाई म्हणाल्या, नाही, हे ऑपरेशन कंबरेसाठी नाही, पायासाठी आहे. कंबर दुखत राहू शकते. मग पायाची ताकद येणार? येईल बहुधा, सांगता येत नाही, पण जितका उशीर तितकी आशा कमी. आणि परत होणार नाही ना? काहींना होतं.

आता बघा. दुखतो पाय, भोक कंबरेला, कंबर बरी होणार नाही, पायाची गॅरंटी नाही, आणि पार्ट बदलायचा नाही, नुसता घासून टाकायचा. कुठल्या मेकॅनिकला हे पटेल?

"तिला सांग," राजाभाऊ आरुषीला म्हणाले, "मोठं उघडा म्हणावं. मला चालेल. इथपासून इथपर्यंत. पण नीट बघा सगळं."

आरुषीने ते सांगितलं तेव्हा तिचे कान लाल झाले होते. बाईंनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाल्या, मोठं उघडलं तर मला जास्त दिसत नाही, फक्त तुमचं जास्त मोडतं. दुखण्याला थांबता येतं, पण त्या अंगठ्याला थांबता येणार नाही. पुढच्या गुरुवारची एक जागा आहे, सोमवारपर्यंत कळवा.

घरी येताना गाडी आरुषी चालवत होती, लर्नरची पिवळी एल लावून, शेजारी बेबीताई जीव मुठीत धरून. राजाभाऊ मागच्या सीटवर आडवे. पूर्ण रस्ता एकच, पेनाएवढ्या नळीतून काय दिसणार.

त्यांच्या बाजूने बोलायचं तर घाबरले नव्हते ते. निदान कापण्याला नाही. जे दिसत नाही, हातात घेता येत नाही, त्यावर सही कशी करायची, हा प्रश्न होता. आणि हो म्हणणं नाही म्हणण्याइतकंच चुकीचं वाटत होतं.

रविवारी श्यामच्या घरी वंदना होती. श्याम इकडे शिकायला आला होता, आता कुरिअरची व्हॅन चालवतो, आणि त्याची बैठकीची खोली मोठी म्हणून सगळे त्याच्याकडे जमतात. राजाभाऊंना बुटाची नाडी बांधता येत नव्हती, म्हणून थंडीत जँडल घालून गेले. इकडे रबरी चपलेला जँडल म्हणतात. दारात काढल्या. वंदनेला गुडघे टेकता येईनात, तर कोपऱ्यात खुर्ची दिली. पंचशील म्हणताना सगळे खाली आणि राजाभाऊ एकटे वर. त्यांना ते फार लागलं.

मग चहा आणि सल्ले. लपवलेलं सगळं तोवर सगळ्यांना माहीत झालंच होतं. कुणाच्या सासऱ्यांचं औरंगाबादला झालेलं, हातभर टाके, तीन महिने पडून होते, पण काय ठणठणीत. प्रमोद आयटीत आहे, त्याला सगळं माहीत असतं.

"राजाभाऊ, एका दिवसात घरी पाठवतात म्हणजे आजारच छोटा असणार," तो म्हणाला. "छोट्या आजाराला ऑपरेशन कशाला? योगा करा."

"आणि मोठा असला तर?"

"तर मग पुण्याला जाऊन व्यवस्थित मोठं करून या."

राजाभाऊंना हे एकदम पटलं. पुण्यात उघडतील. सगळं चादरीवर मांडतील. डिसेंबरमध्ये वर्कशॉप बंद असतं, तेव्हा जाऊ, असं ते तिथेच बोलून मोकळे झाले. डिसेंबरला पाच महिने होते. बेबीताई स्वयंपाकघरात कप विसळत होती. नळ तिने बंद केला आणि पुन्हा सोडला.

निघाले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. श्यामच्या दारापासून रस्त्यापर्यंत खडी पसरलेली आहे, टोकदार, नवीन. सगळे जय भीम करत पायरीवर उभे. राजाभाऊ खुर्चीवरून उठून, दाराला धरून, चपला पायात सरकवून निघाले. वीस पावलं. गाडीचं दार उघडलं, छपराला धरून वळले, आणि बघतात तर बेबीताई मागून येतेय. हातात एक डावी जँडल.

त्यांनी खाली पाहिलं. डावा पाय अनवाणी. तळव्याला चिखल, खडीचे दोन बारके तुकडे रुतलेले, टाचेच्या पुढे थोडं रक्त. त्यांना काही म्हणजे काही कळलं नव्हतं. अंगठ्याच्या बेचक्यातला पट्टा कधी सुटला, खडी कधी टोचली. तो पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले.

"कुठे राहिली ही?" त्यांनी विचारलं.

"पायरीवरच," बेबीताई म्हणाली. खाली बसून तिने पदराने तळवा पुसला. "तुम्हीच म्हणता ना, आधी हातात घेऊन बघायचं काय बंद पडलंय, मग बोलायचं. बघा."

सोमवारी नऊ वाजता हॉस्पिटलला फोन राजाभाऊंनी स्वतः केला.

गुरुवारी झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पाय हलवला आणि करंटची वाट बघत बसले. आला नाही. चार महिन्यांत पहिल्यांदा पायात काहीच नव्हतं, आणि त्यालाच ते घाबरले. कंबर मात्र दुखत होती, जी आधी एवढी दुखत नव्हती. अंगठा अजून उठत नव्हता. म्हणजे बरं झालं की बिघडलं? नर्सला विचारलं, ती म्हणाली, स्वीट अ‍ॅज, म्हणजे झकास, अगदी हवं तसं चाललंय. आरुषीला पाठीचा फोटो काढायला लावला. अंगठ्याएवढी पट्टी. राजाभाऊंनी तो फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला.

"एवढंच? काही केलंय ना नक्की?"

सर्जनबाईंना त्यांनी काढलेला तुकडा मागितला. हातात घेऊन बघायचा होता. तो तपासणीला गेला होता, मिळाला नाही. म्हणजे शेवटपर्यंत काही दाखवलंच नाही कुणी. सहा आठवडे वाकायचं नाही, उचलायचं नाही, कंबरेत वळायचं नाही. राजाभाऊ रोज जॉन्सनव्हिलच्या चढावर चालायला जात, आणि परत येऊन पलंगावर पाय पसरून अंगठ्याकडे बघत बसत, जसं थंड इंजिन सुरू होतंय का ते ऐकतात. पाचव्या आठवड्यात एका सकाळी तो हलला. तांदळाच्या दाण्याएवढा. बेबीताईला हाक मारली, तिच्यासमोर हलला नाही. ती गेल्यावर पुन्हा हलला.

आता ते कामावर आहेत. अंगठा बराचसा उठतो, पूर्ण नाही. कंबर थंडीत दुखते. नेमकं काय केलं हे त्यांना अजून नीट सांगता येत नाही, आणि विचारलं तर चिडतात.

जँडलचं खरं तर फार नंतर कळलं, श्यामकडून. त्या रविवारी पहिल्याच पावलाला जँडल पायरीवर राहिली ती सगळ्यांनी पाहिली होती. श्याम हाक मारणार तेवढ्यात बेबीताईने त्याचं मनगट घट्ट धरलं. दोन महिने दुकानात, बस स्टॉपवर, घराच्या दारात ती जँडल अशीच मागे राहत होती, आणि दर वेळी ती गुपचूप उचलून, पँट झटकायच्या निमित्ताने वाकून त्यांच्या पायात सरकवत होती. त्या दिवशी तिने ती लगेच उचलली नाही. खडीवरून वीस पावलं त्यांना चालू दिलं, आणि श्याम म्हणतो, बेबीताई एकेक पाऊल मोजत होती.