तिकडचा चिरा

कुणाच्याही घरी गेले की काका आधी दाराशेजारच्या भिंतीवर बोटाचं पेर वाजवायचे आणि मगच चपला काढायचे. "बरी हाय," एवढाच शेरा. भिंत बरी निघाली की मग घरातल्या माणसांची चौकशी. असा एखादा माणूस तुमच्याही आळीत असेल. जगाकडे आपल्या कामाच्या वाटेनेच बघणारा.

रत्नागिरीत आमच्या शेजारी ते तीस वर्षं राहिले. मूळचे राजापूरकडचे, हाडाचे गवंडी. आमच्याकडची घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची, आणि चिरा त्यांच्याइतका कुणाला कळत नसे. "खाणीतून काढला की नरम असतो गो," ते मला सांगत. "वारा लागला की घट्ट होतो. काय तासायचं ते आधीच तासायचं." स्वतः मात्र कधीचे वारा लागलेले होते.

त्यांची एकुलती एक मुलगी नंदा. बोटीवरच्या हॉटेलात नोकरीला लागली आणि तिथल्याच एका कंबोडियाच्या स्वयंपाक्याशी लग्न करून त्याच्या गावी राहायला गेली. काकांनी बोलणं टाकलं. काकू रोज संध्याकाळी नंदाला व्हिडिओ कॉल करायच्या. फोन लागला की काका उठून मागच्या परड्यात जाऊन उभे राहत. परड्यात करण्यासारखं काही नसे. नुसते उभे. नात झाली त्या दिवशीही ते तिथेच होते.

मग काकू अचानक गेल्या. नंदा निघाली होती, पण पोचायला दोन दिवस लागणार होते. काकांनी वाट पाहिली नाही. त्याच संध्याकाळी सगळं उरकलं. नंदा आली, रिकाम्या घरात चार दिवस राहिली आणि बापाशी एक शब्द न बोलता परत गेली.

सात-आठ महिने गेले असतील. एका सकाळी काका आमच्या दारात उभे. भिंत वाजवली नाही, चपला काढल्या नाहीत.

"तुझ्या शाळेला दिवाळीची सुट्टी किती?"

मी शाळेत शिकवते. सुट्टी किती ते सांगितलं.

"नंदाकडं जाऊया म्हणतो. तिला विचारलंय. 'या' म्हणाली. पण एकट्याला विमानातलं काय कळायचं नाय मला."

असे आम्ही दोघं निघालो. विमानात बसल्यावर काकांनी खिडकीखाली पेर वाजवलं आणि "पत्रा," असं पुटपुटले.

नातीचं नाव सोरिया. वय दोन वर्षं, केस कपाळावर कापलेले, गाल फुगीर. काकांना पाहिलं आणि ती आईच्या मागे गेली. काकांनी पिशवीतून फणसपोळी काढून पुढे धरली. तिने ती घेतली, एकदा चाटली आणि परत काकांच्या हातात ठेवली. ती ओली फणसपोळी हातात धरून ते बराच वेळ बसून राहिले.

दोन दिवस बापलेकीचं बोलणं पाहुण्यांसारखं चाललं.

"चहा करू?"

"चालेल."

"साखर कमी?"

"चालेल."

तिसऱ्या दिवशी जावई आम्हाला अंगकोरची जुनी देवळं दाखवायला घेऊन गेला. एवढी देवळं, एवढं कोरीवकाम, मी फोटो काढून दमले. काका हात मागे बांधून चालत होते. सोरिया दहा पावलं चालायची, खाली बसायची, माती उचलायची. तिला उचललं की ओरडायची. दोन वर्षांच्या पोरीला घेऊन देऊळ बघणं म्हणजे देवळापेक्षा देवळातले खडे जास्त बघणं.

दुपारच्या सुमाराला आम्ही झाडीतल्या एका पडक्या देवळाशी आलो. गर्दी नव्हती. बाहेरचा कोट बऱ्याच ठिकाणी ढासळलेला, दगड गवतात पडलेले. काका थांबले. वाकले. एका पडलेल्या दगडावर पेर वाजवलं. मग दुसऱ्या.

"नंदा," ते म्हणाले, "हा जांभा हाय."

तीन दिवसांत तिला नावाने मारलेली ती पहिली हाक. नंदा जवळ आली. जावयाने तिला काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "इकडे याला भाजलेला भात म्हणतात, बाबा."

काकांनी दगड निरखला. "बरोबर म्हणतात. तसाच दिसतो की." आणि मग जावयाकडे वळून त्यांनी त्याला चिऱ्याबद्दल होतं नव्हतं तेवढं सांगितलं, सगळं मराठीत. दगडांना गोल भोकं होती. ती दाखवून म्हणाले, "खुंट्या ठोकून दोर बांधला असणार. उचलायला." जावई मान डोलवत राहिला. त्याला किती कळलं देव जाणे, पण नंदा भाषांतर करायचं विसरून बापाकडे बघत होती.

तेवढ्यात सोरिया किंचाळली.

पडलेल्या एका चिऱ्याच्या भोकात तिचा हात मनगटापर्यंत गेला होता आणि बाहेर येत नव्हता. नंदा धावली, हात ओढू लागली. पोर आणखी रडू लागली. जावयाने बाटलीतलं पाणी ओतलं. मनगट लाल झालं.

"ओढू नको गो. दमान," काका म्हणाले. गुडघ्यांवर बसले, भोकात डोकावले. "हाताला काय झालं नाय. आत खडा धरलाय तिनं. मूठ सोडत नाय."

नंदाने तिला तिच्या भाषेत सांगितलं, मराठीत सांगितलं. ती ऐकण्याच्या पलीकडे गेली होती. तेव्हा काकांनी आपला हात तिच्या तोंडासमोर धरला. चुन्या-सिमेंटने आयुष्यभर खाल्लेला तो जाडजूड हात. घट्ट मूठ वळली. आणि हळूच उघडली. पुन्हा वळली. पुन्हा उघडली. पोरीचं रडणं जरा थांबलं. ती त्या हाताकडे बघू लागली. तिसऱ्या की चौथ्या खेपेला तिचा ताठलेला खांदा सैल पडला आणि हात अलगद बाहेर आला.

ती सरळ काकांच्या गळ्यात पडली. "ता," म्हणाली. "ता."

"काय पायजे तिला?" काका गोंधळून विचारू लागले.

"काही नको," नंदा म्हणाली. "इकडे आजोबांना ता म्हणतात."

काका त्या चिऱ्यावर बसले. पोर खांद्याला. म्हणाले, "तुझ्या आईच्या वेळी थांबायला पायजे होतं मी. दोन दिवसांनी काय बिघडणार होतं?"

मला वाटलं, नंदा म्हणेल, जाऊ दे बाबा. तशी ती म्हणाली नाही.

"हो," ती म्हणाली. "थांबायला हवं होतं तुम्ही."

आणि त्यांच्या शेजारी, त्याच दगडावर, टेकून बसली.

सुट्टी संपल्यावर मी एकटीच परतले. काका आणखी पंधरा दिवस राहिले, तेही मुलीने राहा म्हटलं म्हणून. आल्यावर संध्याकाळचा फोन त्यांचा झाला. सोरियाला ते आमचं मांजर दाखवत, गॅसवरचा कालवण उकळणारा टोप दाखवत, एकदा तर नुसती उघडी छत्री दाखवत बसले होते. तिकडून हसण्याचा आवाज आमच्या ओटीपर्यंत यायचा.

यंदा काका आजारी पडले आणि दुखणं वाढत गेलं. डॉक्टरांनी थोडेच दिवस सांगितले तसं मी नंदाला कळवलं. ती सोरियाला घेऊन आली आणि अकरा दिवस त्यांना मिळाले. सोरिया आता चार वर्षांची. ती त्यांच्या खाटेवरच बसून जेवायची, त्यांच्या छातीवर भाताची शितं सांडायची. काका एक-एक शीत वेचून तोंडात टाकायचे.

बाराव्या दिवशी सकाळी ते गेले.

दुपारी सगळं आटपून माणसं घरी परतली. आमच्याकडे गेलेल्या माणसाची खाट बाहेर काढतात. वाडीतले दोघे आत गेले आणि तसेच दारात थांबले. खाटेवर सोरिया आडवी-तिडवी झोपली होती, एक पाय खाली लोंबत होता.

"ताई, खाट काढायची हाय," एकजण हळू आवाजात म्हणाला.

नंदा दाराशी येऊन उभी राहिली.

"उठू दे तिला," ती म्हणाली.

दोघे बाहेर येऊन ओटीवर टेकले. त्या दिवशी ती पोर चांगली पाच वाजेपर्यंत झोपली.