डब्यावरचा हात

हे गेले, त्यानंतरच्या उन्हाळ्यात डबा घुमायला लागला.

डबा म्हणजे यांनी घरी बनवलेला ॲम्प्लिफायर. जुन्या स्टॅबिलायझरची पत्र्याची पेटी, आत भंगारातला ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर माठाच्या तोंडावर बसवलेला. संध्याकाळी त्याला रेडिओ जोडून आम्ही दोघं ऐकायचो. तो बनवताना टॉर्च धरायचं काम माझं. मी चौथी शिकलेली, वायरी मला रंगांवरूनच ओळखू यायच्या. बोलते मी आधीपासूनच कमी. हे हसायचे, "तुह्यापेक्षा हा डबा जास्त बोलते वं."

आता रेडिओ काढून ठेवला तरी माठातून एकसारखा घूं आवाज यायचा. रेडिओ लावला की बातम्या त्यात बुडायच्या. एकदा धूळ पुसताना पेटीवर तळहात टेकला आणि घूं एकदम खाली बसलं. हात उचलला की पुन्हा सुरू. मग मी रोज पेटीवर हात ठेवूनच ऐकू लागले. बोटांना बारीक मुंग्या यायच्या. ट्रान्सफॉर्मरच्या बाजूला पत्रा कोमट लागायचा. दुसऱ्या हाताने चहा प्यायचे. त्या घरात दिवसभरात तेवढाच वेळ मी कोणाजवळ बसल्यासारखी असायची.

मुलाने शहराच्या टोकाला, बेस्याला फ्लॅट घेतला होता. मला न्यायचं ठरल्यावर त्याचा फोन आला.

"मागं काय वाजून राहिलं, आई? पीठगिरणीत बसली काय?"

"डबा आहे."

"बिघडला काय? मंग कबाड्याले देऊन टाक. तिथं जागा नाही. जे चालते तेच बांध."

"चालते ना तो."

"असा चालते? रविवारी टेम्पो घेऊन येतो. तेव्हा पाहू."

रविवारपर्यंत डबा गप्प करायचा होता. दुरुस्तीच्या दुकानापर्यंत गेले. काउंटरवर मोबाइलवाल्यांची गर्दी होती. काय सांगावं ते जुळेना. थोडा वेळ उभी राहून परत आले.

प्लग काढून मी पेटी उघडली. यांनी सगळ्या काळ्या वायरी एकाच स्क्रूवर आणल्या होत्या. "अर्थिंग एकाच जागी पाहिजे, नाहीतर घूं करते," असं त्यांनी मला टॉर्च हलली म्हणून रागावताना सांगितलेलं. स्क्रू घट्ट होता. त्याच स्क्रूवरून एक हिरवी वायर निघून खिडकीबाहेर गेली होती. आमच्या जुन्या घरात बोर्डाला अर्थिंग नव्हतं, म्हणून आमच्या गल्लीत सगळेच करत तसं यांनी ती नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळली होती.

वायरीमागे गेले. गुंडाळी जागच्या जागी होती. पण त्या उन्हाळ्यात नळाची लाइन नवीन झाली होती. नळाला आता प्लास्टिकचा पाइप होता. जुन्या लोखंडी पाइपाचा हातभर तुकडा तेवढा भिंतीला लटकत राहिला होता, खालून कापलेला. आमची वायर त्यालाच धरून बसली होती. मी रोज त्या नळावर पाणी भरत होते आणि मला ते दिसलं नव्हतं. इतके दिवस माझा हातच डब्याचं अर्थिंग झाला होता.

अंगणात कुलरच्या अर्थिंगसाठी यांनी मीठ आणि कोळसा घालून एक सळई गाडली होती. हे असताना उन्हाळाभर तिथे पाणी घालायचे. यंदा मी कुलर काढलाच नव्हता. माती भेगाळली होती. वायर सोडवून सळईला आवळली, आत येऊन डबा लावला. घूं थोडंच कमी झालं. मग मीठ टाकून बादलीभर पाणी ओतलं. आणखी एक बादली ओतली. जमीन पाणी पीत गेली तसा माठातला आवाज बारीक होत होत थांबला. घरात इतकी शांतता झाली की मी उठून रेडिओ लावला.

रविवारी मुलाने माठाला कान लावला. "बंद आहे ना हा?"

"रेडिओ लाव."

आवाज स्वच्छ आला. तो जरा वेळ ऐकत उभा राहिला. मग त्याने पेटी स्वतः उचलून टेम्पोत समोर ठेवली.

इथे फ्लॅटमध्ये बोर्डालाच अर्थिंग आहे. मुलगा आणि सून कामावरून उशिरा येतात, येतात तेव्हा दमलेले असतात. संध्याकाळी मी एकटीच बातम्या लावते. हात आपोआप पेटीवर जातो. मुंग्या येत नाहीत. हात ठेवला काय, उचलला काय, आवाज तसाच राहतो. तरी बातम्या संपेपर्यंत मी तो ठेवते.