टाळ्या नसलेलं गाणं

सिद्धेश्वरीबाईंना गाण्यातलं काही कळत नव्हतं आणि कळावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. गाणं नवऱ्याचं. अक्कलकोटकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या सोलापुरात बाळीवेशीत आल्या, तेव्हापासून ते घरात होतंच. वीरभद्रप्पा पाणीपुरवठा खात्यात ओव्हरसियर. दिवसभर फुटलेल्या पाइपलाइनी आणि लोकांच्या शिव्या, संध्याकाळी कॅसेटी. रविवारी मित्र यायचे, बाहेरच्या खोलीत सतरंजी पडायची, आणि एखादी तान जमली की सगळे एकदम हात वर करून मान हलवायचे. सिद्धेश्वरीबाई तेवढ्यात दारातून डोकावून माणसं मोजायच्या आणि चहाचं आधण ठेवायच्या. त्या खोलीत बसायला त्यांना कुणी बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी त्या बसल्या असत्या असं नाही. भाकरी कुणी थापायची?

निवृत्तीनंतर दोघं जुळे सोलापूर या नव्या वस्तीत छोट्या रो-हाऊसमध्ये राहायला आली. मुलगा प्रभुलिंग पुण्यात. वीरभद्रप्पा आधी शब्द विसरू लागले, मग माणसं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश म्हणून सांगितलं. दिवसा ते तसे बरे असायचे. खरा त्रास दिवेलागणीला. ऊन उतरलं की ते उठायचे, घरातच असून घरी जायचं म्हणायचे, पुढच्या दाराची कडी खडखडवत राहायचे. सिद्धेश्वरीबाई समजूत घालायच्या, हात धरायच्या, कधी हाताला झटका बसायचा. हे रोज. दुपारचे चार वाजले की त्या हातातलं काम भराभर उरकायला लागायच्या.

एका संध्याकाळी वीरभद्रप्पांचे जुने मित्र नंदीशअण्णा भेटायला आले. इतकी वर्षं रविवारी सतरंजीवर बसणाऱ्यांतले तेच एक आता येत-जात होते. वीरभद्रप्पांनी त्यांना ओळखलं नाही. ते कडीशी झटत होते. अण्णांना काय बोलावं सुचेना, म्हणून त्यांनी आपल्या फोनवर सारंगी लावली. कडीचा आवाज थांबला. वीरभद्रप्पा वळले, येऊन खुर्चीत बसले आणि गाणं संपेपर्यंत हलले नाहीत. सिद्धेश्वरीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून बघत होत्या. कितीतरी दिवसांनी त्यांना उभ्या उभ्याच झोप आल्यासारखं झालं.

घरातल्या कॅसेटी कधीच गेल्या होत्या. सोलापूरच्या उन्हाळ्यांनी फिती चिकटून बसल्या होत्या, आणि टेप दुरुस्त करणारा माणूस आता गावात सापडत नव्हता. प्रभुलिंगनं पुण्याहून फोनवर गाणं लावायची सोय करून दिली. पण एक संपलं की फोन आपल्या मनानं दुसरंच काहीतरी लावायचा. मध्येच कुणाचा कॉल यायचा आणि वीरभद्रप्पा दचकून पुन्हा दाराकडे जायचे. शेवटी मुलानं सीडी लावायचं एक छोटं यंत्र पाठवलं आणि म्हणाला, आई, सीड्या तिथंच बघून घे.

नव्या पेठेत एका दुकानात मागच्या बाजूला अजून सीड्या मिळतात, असं अण्णांनी सांगितलं. पुढं मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन लटकलेले. मागं एक कपाट, मालकाच्या वडिलांच्या वेळचं. दुकान मालकाची मुलगी शिवानी बघायची. तिनं गायन हवं की वादन विचारलं, राग कुठला विचारला. म्हाताऱ्या माणसाला संध्याकाळी बसवून ठेवायचंय, एवढंच सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. मग अण्णांनीच एक सीडी निवडली. फार गाजलेली मैफल होती ती. असं गाणं पुन्हा होणार नाही, असं ते शिवानीला सांगत होते.

वीरभद्रप्पा त्या मैफलीत छान रमले. डोळे मिटून मान हलवत होते. मग गाणं संपलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. ते ताडकन उठले. कुणाला तरी लांबूनच हात जोडले, खुर्चीखाली चपला शोधल्या, सापडल्या नाहीत तर अनवाणीच निघाले. कार्यक्रम संपला, आता घरी जायला हवं. दार लोटलेलंच होतं. सिद्धेश्वरीबाई फाटकाबाहेर धावल्या तेव्हा ते कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचले होते. त्यांना परत आणताना गिरणीवाला, शेजारणी, सगळे बघत होते.

त्या दिवसापासून बाईंनी टाळ्यांचं गाणं घरात आणलं नाही.

मग एकेक कळत गेलं. सतारीचा शेवटचा जोरकस भाग आला की ते कान झाकून घ्यायचे. एका गवयाच्या चढ्या ताना ऐकून बाहेर भांडण लागलंय असं त्यांना वाटलं. सनई लावली तर कुणाचं लग्न आहे विचारून कोटासाठी हटून बसले, आणि सोलापूरच्या मे महिन्यात तो लोकरी कोट अंगात घातल्याशिवाय शांत झाले नाहीत. बासरीनं ते दिवसाच गाढ झोपायचे आणि पुढं सगळ्या रात्रीचं जागरण बाईंच्या वाट्याला यायचं.

त्यामुळे आता दुपारी नवऱ्याजवळ शेजारणीला बसवून दुकानात गेल्या की त्या स्टुलावर बसायच्या आणि शिवानीला म्हणायच्या, आधी शेवट लाव. शेवटी टाळ्या नाहीत असं बघून मग मधलं ऐकायच्या. मध्ये कुणी वाहवा करत असलं तरी सीडी बाजूला. गिऱ्हाईक कव्हरं बघत असायचं, बाहेर रिक्षांचे हॉर्न, आणि ह्या कपाळाला हात लावून ऐकत बसलेल्या. एकदा अण्णा बरोबर होते. त्यांना ते बघवेना.

"वहिनी, शेवट ऐकून गाणं घेतात होय?"

"घेतात की, अण्णा," सिद्धेश्वरीबाई म्हणाल्या. "घरी त्यांच्यासंगं मलाच राहायचंय."

अण्णांनी हातातली सीडी खाली ठेवली. त्यांना राग आला नव्हता. ते नंतरही येत राहिले, फक्त सीड्या सुचवायचं त्यांनी थांबवलं.

पावसाळ्यात शिवानीनं कपाटाच्या तळातून एक सीडी काढली. एका बाईंनी गायलेला पूरिया, दिवेलागणीचा राग. बंद खोलीत रेकॉर्ड केलेला, श्रोते नाहीत, टाळ्या नाहीत, तबला उशिरा येतो आणि आला तरी घाई करत नाही. गाणारीचा आवाज जाड होता, जरा थकलेलाच. सिद्धेश्वरीबाईंनी तो बराच वेळ ऐकला आणि पिशवीत टाकला.

त्या संध्याकाळी नळाला पाणी यायचं होतं. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी. आलं की हौद भरायचा, मोटर लावायची, पिंपं भरायची. बाईंनी सीडी लावली, वीरभद्रप्पांना खुर्चीत बसवलं आणि त्या मागं जायला निघाल्या. आज त्यांना खुर्ची नको होती. ते खाली चटईवर बसले, भिंतीला टेकून, मांडी घालून, जुन्या रविवारसारखे. बाई जवळून जाताना ते जरा सरकले आणि शेजारची जागा हातानं झटकली.

"बसा की," ते म्हणाले. "चांगलं चाललंय."

त्यांनी बायकोला कधी अहोजाहो केलं नव्हतं. कुणीतरी बाहेरची बाई गाणं ऐकायला आलीय असं त्यांना वाटत होतं. मागं नळ सुरू झाल्याचा आवाज आला. सिद्धेश्वरीबाई तिथंच क्षणभर उभ्या राहिल्या आणि मग गुडघ्यावर हात रोवून खाली बसल्या. दोघं ऐकत राहिली. वीरभद्रप्पा मधूनच मांडीवर बोट टेकवायचे आणि शेजारच्या बाईकडे बघून मान हलवायचे, म्हणजे बघा, आली का समेवर, असं. बाईही मान हलवायच्या. समेतलं त्यांना काही कळत नव्हतं.

मग का कुणास ठाऊक, त्यांनी विचारलं, "तुमच्या घरचं माणूस कुटं हाय?"

वीरभद्रप्पांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं.

"ती आत आहे."

"बोलवा की तिलाबी."

त्यांनी मांडीवर बोट टेकवलं, पुन्हा टेकवलं. बाईंना वाटलं, विसरले.

"बोलवायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "पण ती दमलेली असते हो. सारखी दमलेली असते."

दमणं नवऱ्याला दिसत होतं म्हणजे. इतकी वर्षं दारातून माणसं मोजताना सिद्धेश्वरीबाईंना वाटायचं, ह्या माणसाला आत कोण आहे याचा पत्ताच नाही. पत्ता होता, आणि तरी एका रविवारी उठून त्यानं चहा केला नव्हता. त्यांना रडू यायला हवं होतं की राग, हे ठरेना. दोन्हींसाठी अंगात बळ नव्हतं. गाणं संपलं तेव्हा नळ थांबला होता. हौद अर्धाच भरला. पुढचे दिवस त्यांनी शेजारून घागरी आणल्या.

दिवाळीपर्यंत तसंच चाललं. रोज नाही, पण बऱ्याच संध्याकाळी वीरभद्रप्पा चटईवर सरकून जागा करायचे, आणि बाई हातातलं टाकून बसायच्या. सुरुवातीला त्यांचं लक्ष भाजीकडे असायचं. नंतर भाजी आधीच करून ठेवू लागल्या. तो प्रश्न मात्र त्यांनी पुन्हा विचारला नाही.

थंडीत वीरभद्रप्पा एकदा न्हाणीघरात पडले आणि अंथरुणाला लागले. गिळायला त्रास होऊ लागला. गाणं लावलं काय, न लावलं काय, डोळे छताकडे. बाईंनी काही दिवस नेमानं सीडी लावून बघितली, मग सोडून दिलं. प्रभुलिंग आला, दोघांना पुण्याला नेतो म्हणाला. एवढ्या लांबचा प्रवास त्यांना झेपायचा नाही, असं आईनं सांगितल्यावर त्यानं दुपारच्या वेळेला मायाक्का नावाची एक बाई ठेवून दिली. त्यामुळे सिद्धेश्वरीबाईंना औषधं, भाजी आणायला तेवढी फुरसत मिळू लागली.

फेब्रुवारीत शिवानीचा फोन आला. मागचं कपाट काढून तिथं मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकायचं ठरलं होतं. सीड्या भंगारात जाण्याआधी काकूंनी येऊन हवं ते घेऊन जावं, पैसे नकोत. सिद्धेश्वरीबाई नको म्हणणार होत्या. तरी औषधाच्या दुकानातून निघाल्यावर त्या तिकडे वळल्या.

सगळ्या सीड्या काउंटरवर काढून ठेवलेल्या होत्या. काकांची तब्येत शिवानीनं विचारली, बाईंनी सांगितली. आता ते ऐकत नाहीत, हेही सांगितलं. शिवानी जरा ओशाळली; तसं असेल तर राहू द्या, म्हणाली.

"आलेच हाय तर बघते," बाई म्हणाल्या.

त्या स्टुलावर बसून एकेक डबी उचलू लागल्या. निम्म्याहून जास्त त्यांच्या ऐकण्यातल्या निघाल्या. एक उघडली, वरचा फोटो बघितला आणि ढकलून दिली.

"हा नको. हा लई वरडतो."

शिवानी हसली. बाई हसल्या नाहीत, त्या पुढची बघत होत्या. निवडायला त्यांना वेळ लागला, पण आधी शेवट लाव असं आज त्या म्हणाल्या नाहीत. काही परत ठेवल्या, परत ठेवलेल्यांतली एक पुन्हा उचलली. पूरिया गाणाऱ्या त्याच बाईंचा एक मुलतानी निघाला. दुपार उतरताना गातात तो, असं शिवानीनं सांगितलं. तोही त्यांनी घेतला. पिशवीत औषधं आणि डायपरचं मोठं पाकीट होतं, त्याच्या कडेनं मावतील तेवढ्या डब्या त्यांनी सरळ उभ्या लावल्या.

शिवानीनं पाणी दिलं, ते त्या बसूनच प्याल्या. बाहेर ऊन आताच उन्हाळ्यासारखं लागत होतं. मायाक्काची जायची वेळ होत आली होती. बाई गुडघ्यावर हात रोवून उठल्या आणि रिक्षा बघायला रस्त्यावर आल्या.