शेजारच्या माणसाचं चित्र

भातसानगरला धरणाच्या कार्यालयात मी अनुरेखक होते. इंजिनिअरांनी काढलेल्या नकाशावर पारदर्शक कागद अंथरायचा आणि रेघेवर रेघ ओढायची, एवढंच काम. स्वतःच्या मनाची एक रेघ त्यात चालत नसे, आणि नकाशा धरणाचा असल्यामुळे ते बरंच होतं. पण आठवडाभर दुसऱ्यांच्या रेघा गिरवल्या की रविवारी हात शिवशिवायचे. मग मी चर्चमधली माणसं काढायचे.

चर्च म्हणजे शहापुरात भाड्याने घेतलेला एक हॉल. शनिवारपर्यंत तिथे शिवणक्लास चालायचा. त्यामुळे रविवारी प्रार्थनेला गुडघे टेकले की टाचण्या टोचायच्या, आणि कुणाच्या डोळ्यांत पाणी दिसलं तर ते भक्तीचं की टाचणीचं हे सांगता यायचं नाही. माझं पहिलं व्यंगचित्र हेच. पाळकसाहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी स्वतः दाराजवळच्या फळ्यावर लावलं. त्यांच्याकडे मुरबाडचं चर्चही होतं. एक रविवार तिकडे, एक रविवार इकडे. पुढे माझी चित्रं त्यांच्या झोळीतून मुरबाडलाही जाऊ लागली.

विषय हवे तेवढे मिळायचे. पेटी वाजवणारे मास्तर गाण्याच्या एक ओळ पुढे असायचे आणि सगळी मंडळी धापा टाकत त्यांच्या मागे. ‘शेवटी एवढंच सांगतो’ असं पाळकांनी म्हटलं की बायका पिशव्या आवरायच्या आणि पुन्हा खाली ठेवायच्या. कापणीच्या सणाला लोक शेतातलं पहिलं पीक आणून पुढे ठेवायचे. तांदूळ, नाचणी, काकड्या. एका वर्षी कुणीतरी कोंबडा आणून बांधला. उपदेशात, कोंबडा आरवण्याआधी पेत्राने प्रभूला तीनदा नाकारलं, असा उल्लेख आला आणि नेमका तेव्हाच तो आरवला. मी चित्रात चर्चचा कारभार बघणारे सगळे पंच एकमेकांकडे संशयाने बघताना दाखवले. लोक पोट धरून हसले.

हसले खरे, पण माझ्यापासून लांब राहून हसले. हे लक्षात यायला मला उशीर लागला. आमच्याकडे डावीकडे बायका बसायच्या, उजवीकडे पुरुष. बायकांच्या बाजूचा मागून दुसरा बाक माझा, आणि फळा सुरू झाल्यापासून तो माझ्या एकटीचाच झाला. पुढचे बाक गच्च भरायचे, कुणी लहान पोराला मांडीवर घ्यायचं, कुणी उभं राहायचं, पण माझ्या बाकावर यायचं नाही. चहाच्या वेळी मी घोळक्यात गेले की बोलणं बदलायचं. एकदा एक बाई हसत हसत म्हणाली, ‘जपून बोला गो, उद्या फळ्यावर लागाल.’ मीही हसले. घरी आल्यावर मात्र मला फार वाईट वाटलं. माझी माणसं सगळी लांब, नगर जिल्ह्यात. क्वार्टरमध्ये मी आणि रेडिओ. मी चित्रं काढायला लागले होते ती या माणसांत मिसळता यावं म्हणून. झालं उलटंच.

काढणं बंद करून पाहिलं. तर फळा रिकामा का म्हणून सगळे विचारायला लागले. बाक रिकामा का, हे कुणी विचारलं नाही. मग म्हटलं, हे तरी असू द्या, आणि पुन्हा पेन उचललं.

अशात खर्डीहून एक म्हातारी यायला लागली. पूर्वी कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात आया होती, आता मुलाकडे राहायची. पांढरं पातळ, जाड काड्यांचा चष्मा. पहिल्याच रविवारी तिने फळा बघितला, सगळ्या चित्रांना खुदुखुदु हसली, ही कोण काढते म्हणून विचारलं आणि थेट येऊन माझ्या बाकावर बसली.

‘सरक गो बाय,’ म्हणाली. ‘मी तुज्या बाजूलाच बसनार. समोर बसले तर माजं चित्र काढशील. बाजूला बसलेल्या मान्साला तू कशी बघशील?’

मला तिच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. आणि थोडा रागही आला. इतक्या महिन्यांनी कुणी शेजारी बसलं, तेही माझ्यापासून लपायला! पण मी सरकले.

मग ती दर रविवारी तिथेच. वाचता येत नसे, म्हणून गाण्याचं पान मी काढून द्यायचे. गाणी तिला सगळी पाठ होती, तरी पान लागायचंच. उपदेश लांबला की पदराच्या गाठीतली आल्याची वडी मोडून अर्धी माझ्या हातात द्यायची. कोपराने ढोसून म्हणायची, ‘तो बघ कसा पेंगतोय, काढ त्याला.’ माझी त्या वर्षांतली निम्मी चित्रं तिने दाखवलेली आहेत. आणि चहाला मी तिच्याबरोबर गेले की बायकांचं बोलणं थांबत नसे, कारण म्हातारीला थांबवायची कुणाची टाप नव्हती.

असं बरीच वर्षं चाललं. मधल्या काळात आम्हाला स्वतःची इमारत मिळाली, टाचण्या गेल्या, माझा चष्म्याचा नंबर वाढला. एका हिवाळ्यात ती यायची थांबली, आणि फेब्रुवारीत गेली.

मातीनंतर काही दिवसांनी तिची सून चर्चच्या दाराशी मला थांबवून म्हणाली, ‘ताई, सासूबायचं एक चित्र द्या ना. फोटो हाय घरात, पन तुमच्या हातचं पायजे. लय म्हनायच्या, सगल्यांची काढते, माजंच नाय काढलं.’

मी म्हटलं, ‘अहो, त्यांनाच नको होतं. मी काढू नये म्हणून तर माझ्या शेजारी बसायच्या.’

सून म्हणाली, ‘कोन बोललं? पैल्या दिवशी घरी येऊन आमाला सांगितलं त्यांनी. बोलल्या, ती पोर एकटीच बसते, तिच्या बाकावर कोन बसत नाय. नुसतं जाऊन बसलं तर तिला दया केल्यासारखं वाटंल. कायतरी निमित्त पायजे.’

‘देते,’ एवढंच म्हटलं.

त्या संध्याकाळी टेबलाशी बसले. पदराची गाठ आली, चष्म्याची काडी आली, कान, गाल, वडी धरलेली बोटं, सगळं न थांबता आलं. समोरून चेहरा काही येईना. समोरून तिला मी नीट बघितलंच नव्हतं. तिची हौस तिने माझ्यापायी मारली होती, आणि मी आपली सरकून जागा देत होते, जणू उपकार माझेच. मी खूप रडले. मग शेजारून दिसायची तशीच काढली आणि सुनेला नेऊन दिली.

ती चित्र बराच वेळ बघत होती. ‘तुमाला अशा दिसायच्या?’

‘हो,’ मी म्हटलं.

पुढच्या रविवारी मी बाकावर बसले ती सवयीने भिंतीकडे सरकूनच.